मी यंत्र असल्याची तक्रार

गुरुवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मी माणूस नसल्याचं मला अधिकृतरीत्या कळवण्यात आलं. कळवणारंही यंत्रच होतं, त्यामुळे एका अर्थी बातमी घरच्या घरीच समजली. मोबाईलवर आलेलं पत्र असं होतं: "आपले खाते स्वयंचलित खेळाडू म्हणून आढळले आहे. आपल्या बोटांच्या स्पर्शांमधील अंतर मानवी क्षमतेपलीकडे समान आहे. आपला खेळ सात दिवसांसाठी थांबवण्यात येत आहे."

खोटं कशाला बोलू, पहिली दोन मिनिटं मला आनंद झाला. एकतीस वर्षं मी टायपिंगचा क्लास चालवला. टेबलावर फूटपट्टी आपटत, "एक, दोन, तीन, चार" म्हणत शेकडो बोटांना वळण लावलं. टायपिंगमध्ये वेग गौण, ठेका महत्त्वाचा, हे मी किती वेळा सांगितलं याची गणती नाही. किती जणांनी ऐकलं याची आहे. दोघांनी. त्यातली एक माझी मुलगी, आणि तिला घरातून पळून जायची सोय नव्हती. एवढ्या वर्षांत माझ्या ठेक्याची लेखी दखल कुणी घेतली नव्हती, ती आज घेतली गेली होती. मी पत्र बायकोला वाचून दाखवलं. "मानवी क्षमतेपलीकडे" हे शब्द दोनदा वाचले.

"फ्रेम करून लावा भिंतीवर," ती म्हणाली. "आणि खाली बारीक अक्षरात लिहा, लबाडी केली म्हणून यांना खेळातून हाकललंय."

तेव्हा कुठे मी मोबाईल खाली ठेवला. कारण रविवारी जोडी स्पर्धा होती. जोडीतला एक लबाड ठरला तर दुसराही बाद, असा स्पर्धेचा नियम होता. आणि माझ्या जोडीतला दुसरा म्हणजे आमचे व्याहीबुवा.

व्याहीबुवा, म्हणजे माझ्या मुलीचे सासरे, चौतीस वर्षं वजनमापे निरीक्षक होते. ते बाजारात शिरले की दुकानांतल्या तराजूंना आपोआप सद्‌बुद्धी सुचायची असं म्हणतात. स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातलं किलोचं वजन नऊ ग्रॅमनं कमी भरलं म्हणून त्यांनी त्याला दंड केला होता, आणि त्याच दिवशी त्याच्याकडे जेवायलाही गेले होते. पोळ्या मोजून वाढल्या होत्या म्हणे. असा माणूस उतारवयात लबाडीच्या आरोपाखाली बाद व्हायचा, आणि तोही माझ्यामुळे.

पण खरी भीती त्याहून मोठी होती. आठ महिन्यांपूर्वी विहीणबाई गेल्या आणि व्याहीबुवांनी बोलणं जवळजवळ टाकलंच. मुलगी फोनवर सांगायची, "बाबा, आप्पा दिवसभर खिडकीशी बसून असतात. काही विचारलं की 'ठीक' म्हणतात. सकाळी ठीक, संध्याकाळी ठीक. मला भीती वाटते हो." शेवटी जावयानं एक युक्ती काढली. त्याच्या वडिलांच्या आणि माझ्या मोबाईलवर एकच खेळ टाकून दिला आणि मुलीनं मला बजावलं, "रोज पाच ते सहा त्यांच्याबरोबर खेळायचं. एक तास. माझ्यासाठी."

खेळाचं नाव 'मालधक्का'. डावीकडे गोदाम, उजवीकडे जहाज, मधे एक अरुंद फळी. दोघांच्या जोडीनं गोदामातले खोके उचलून जहाजावर नेऊन ठेवायचे. पलीकडे दुसरी जोडी त्यांचं जहाज भरत असते. बारा मिनिटांत ज्यांचे खोके जास्त, ते जिंकले. पडद्यावर एकदा बोट टेकवलं की आपला छोटा माणूस एक पाऊल टाकतो. माझ्या माणसाला निळी टोपी होती, व्याहीबुवांच्या माणसाला लाल. खाली एक पट्टी असते, त्यात जोडीदाराला किंवा समोरच्यांना निरोप लिहिता येतो. इतकं सोपं की शाळेत न गेलेलं पोरही खेळेल. आम्ही दोघं मात्र शिकलेले होतो.

पहिल्याच दिवशी आम्ही दोघं डोक्यावर खोके घेऊन एकाच वेळी फळीपाशी पोचलो. फळीवरून एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. आता व्याही हे नातं असं आहे की त्यात माणूस मोकळेपणी शिंकतसुद्धा नाही. त्यातून मी मुलीकडचा. व्याहीबुवांच्या पुढे जाऊन फळीवर पाय ठेवायचा म्हणजे काय? मी थांबलो. तेही थांबले. मी पट्टीवर लिहिलं, "आधी तुम्ही."

थोड्या वेळानं उत्तर आलं, "छे छे. आपण."

"असं कसं? मान आपला."

"खेळात मान कसला? आपण वयानं मोठे आहात."

"चारच महिन्यांनी."

"चार महिने म्हणजे चार महिने," वजनमापे निरीक्षकांनी लिहिलं.

एवढ्यात बारा मिनिटं संपली. समोरच्या जोडीनं चौऱ्याऐंशी खोके भरले होते. आमचे शून्य. जाता जाता समोरच्यांपैकी एकानं लिहिलं, "काका, झोपलात का?" आणि दुसऱ्यानं, "एक झोपला असता तर समजलं असतं."

पुढं पुढं आमची भीड जराशी चेपली, पण पद्धत सुटली नाही. व्याहीबुवांनी आयुष्यभर सरकारी पत्रव्यवहार केलेला, मी आयुष्यभर तोच टाईप करायला शिकवलेला. साधा निरोप दोघांपैकी कुणालाच लिहिता येत नव्हता. "स.न.वि.वि. गोदामाच्या कोपऱ्यातील मोठा खोका आपण उचलावा ही विनंती. कळावे, लोभ असावा." हे लिहून होईतो माझा माणूस जागच्या जागी उभा असायचा. मग त्याचं उत्तर यायचं, तोवर त्यांचा माणूस उभा. पहिल्या पाच दिवसांतच लागोपाठ तेवीस सामने हरलो.

पण सहाव्या दिवशी मुलीचा फोन आला. ती रडत होती. "बाबा, आप्पा आज जेवताना आपणहून बोलले. म्हणाले, 'तुझे वडील भलतेच हट्टी आहेत.' अख्खं वाक्य बोलले हो!" मला हट्टी म्हटल्याचा इतका आनंद त्याआधी कधी झाला नव्हता. त्यानंतर माणूस हळूहळू सुधारत गेला. दुपारी साडेचारपासूनच ते मोबाईल पुसून ठेवायला लागले. आणि गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतः होऊन आम्हा दोघांचं नाव ज्येष्ठांच्या जोडी स्पर्धेत घातलं. आठ महिन्यांत त्यांनी आपणहून केलेली ही पहिली गोष्ट होती.

आणि तिथंच घोडं पेंड खायला लागलं. नाव घातल्यावर खेळाकडून इशारा आला. या खेळात चाळीस सेकंद नुसतं उभं राहिलं की माणसाच्या डोक्यावर 'निष्क्रिय' असा शिक्का उमटतो. काही लोक खेळ सुरू करून चहा प्यायला जातात आणि जोडीदाराच्या जिवावर जिंकतात, त्यांना आळा बसावा म्हणून ही सोय. हेतू उत्तम. आधीचे शिक्के माफ होते, पण नाव घातल्यापासून आठवड्यात तीन शिक्के पडले की स्पर्धेतून बाद. आमच्या दोघांच्या नावावर सोमवारीच दोन-दोन जमा होते, सगळे फळीच्या तोंडाशी मिळवलेले.

आमच्या वरच्या मजल्यावर एक फ्रिज दुरुस्त करणारे गृहस्थ राहतात. त्यांना सगळे सर्वज्ञ म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि ते रागावत नाहीत. माझी अडचण त्यांना जिन्यातच कळली, कारण ती बायकोनं सांगितली.

"सोपं आहे," ते म्हणाले. "मोबाईल वॉशिंग मशीनवर ठेवायचा. वर एक चमचा दोऱ्यानं टांगायचा. मशीन हादरलं की चमचा पडद्याला टेकतो, तुमचा माणूस चालत राहतो. तुम्ही खुशाल पेपर वाचा."

"ही लबाडी आहे," मी म्हणालो. "समोर माझे व्याही असतात."

"त्यांना कुठं दिसतंय?"

"मला दिसतं ना!" मी जरा जोरातच म्हणालो.

सर्वज्ञांना माझ्या तत्त्वांशी देणंघेणं नव्हतं. युक्ती चालते एवढं सिद्ध करायला ते आमच्या घरात घुसले, स्वतःचा मोबाईल आमच्या मशीनवर ठेवला, आमच्याच डब्यातला आमचाच चमचा टांगला आणि मशीन चालू केलं. मोबाईल तीन पावलं चालला आणि बाजूच्या भिजवलेल्या कपड्यांच्या बादलीत शिरला. त्या दिवसापासून सर्वज्ञ माझ्याशी असं वागू लागले की जणू मीच त्यांच्या मोबाईलला हाताला धरून बादलीत नेलं. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याचा उंट बसला तरी दोष शेळ्यांनाच.

मी मात्र सरळ मार्ग धरला. रविवारपर्यंत थांबायचं म्हणून नाही. फळीवर मान नाही, पट्टीवर पत्र नाही. व्याहीबुवांसाठी स्पर्धा वाचवायची तर एवढा उद्धटपणा मनावर दगड ठेवून करायलाच हवा. मंगळवारी पाच वाजता मोबाईल टेबलावर आडवा ठेवला, पाठ ताठ केली, दोन्ही तर्जन्या टेकवल्या आणि मनात म्हटलं, "एक, दोन, तीन, चार." बारा मिनिटं बोटं थांबली नाहीत. एकट्यानं एकसष्ट खोके नेले. आम्ही जिंकलो! आयुष्यात पहिल्यांदा! मधे व्याहीबुवांनी पट्टीवर काहीतरी लिहिलं होतं, पण वाचायला थांबलो असतो तर शिक्का पडला असता. फळीपाशी ते थांबले की त्यांच्या बाजूनं मी सरळ निघून जायचो. बुधवारीही तसंच केलं. पुन्हा जिंकलो. माझ्या मते सगळं झकास चाललं होतं.

आणि गुरुवारी सकाळी ते पत्र. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

पत्राच्या तळाशी लिहिलं होतं की एका खेळाडूची तक्रार आल्यावरून तपास झाला, तक्रारदाराचं नाव सुनावणीपर्यंत गुप्त राहील, निर्णय मान्य नसल्यास अपील करावं. तक्रार कोणी केली असेल हे मला लगेच कळलं. बुधवारी आम्ही ज्यांना हरवलं त्यांनीच, दुसरं कोण? सचोटीनं जिंकलेला माणूस लोकांना बघवत नाही, यावर मी बायकोला दहा मिनिटं ऐकवलं. ती भाजी निवडत होती. निवडून झाल्यावर उठून गेली.

अपिलाची पहिली पायरी म्हणजे पाच मिनिटांची चाचणी. एकट्यानं खेळून दाखवायचं, यंत्र ते तपासणार. बायको म्हणाली, "अहो, मग थोडं वेडंवाकडं खेळा. चुका करा." हे बोलायला सोपं आहे. एकतीस वर्षं ज्यानं चुकांवर लाल शाईनं गोल काढले त्याला मुद्दाम चूक करायला सांगणं म्हणजे आचाऱ्याला भाजी करपवायला सांगणं. तरी दुपारभर सराव केला. बायको समोर बसून "चुका, आता चुका!" म्हणत होती. लग्न झाल्यापासून मला चुकायला सांगण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती, ते आपोआप होत असे. अखेर मला जमलं. चाचणी दिली. पाच मिनिटांत निकाल आला: "आपल्या चुकाही समान अंतराने, दर सातव्या स्पर्शाला होत आहेत. हे स्वयंचलित खेळाडूंच्या नव्या प्रकाराचे लक्षण आहे."

म्हणजे सकाळी मी साधं यंत्र होतो, संध्याकाळपर्यंत सुधारित आवृत्ती निघाली.

पाच वाजत आले तशी माझी चलबिचल सुरू झाली. व्याहीबुवा वाट बघत असणार. त्यांना खरं काय सांगायचं? "मी यंत्र निघालो, आणि तुम्हीही बाद होणार"? मी फोनवर निरोप टाकला, "स.न.वि.वि. आमच्याकडे वीज गेल्याने आज खेळता येणार नाही. क्षमस्व."

"मोबाईलला वीज कशाला लागते?" बायकोनं विचारलं. "बॅटरीवर चालतो ना?"

हे मला निरोप गेल्यावर सुचलं. व्याहीबुवांचं उत्तर आलं. एकच शब्द होता. "ठीक."

तो शब्द वाचला आणि मी मोबाईल पालथा घालून ठेवला.

शुक्रवारी सकाळी अपिलाची दुसरी पायरी उघडली. अर्जात एक रकाना होता, 'अर्जदार मनुष्य असल्याचा पुरावा'. जिन्यात सर्वज्ञ उभेच होते. एव्हाना त्यांनी अख्ख्या इमारतीला सांगून टाकलं होतं की खालचे सर ऑनलाईन लबाडी करताना पकडले गेले. तळमजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघून मान हलवली, ती मला बरी वाटली नाही. "नगरपालिकेतून दाखला आणा," सर्वज्ञ म्हणाले. "सरकारी शिक्क्यापुढे यंत्र काय करतंय?"

अशा माणसाचा सल्ला मी पुन्हा ऐकला, यावरून माझी मनःस्थिती लक्षात यावी. नगरपालिकेत दाखल्यांच्या खिडकीशी पाऊण तास उभा राहिलो. खिडकीत बसलेला कारकून मला बघताच उठून उभा राहिला. "सर, तुम्ही!" तो माझ्याकडे क्लासला होता. आता दोन बोटांनी टाईप करत होता. शोधून शोधून एकेक अक्षर दाबत होता, कोंबडी दाणे टिपते तसा. मी डोळे मिटून घेतले.

"कसला दाखला हवा, सर?"

"मी माणूस असल्याचा."

त्यानं कपाट उघडलं, दोन फायली चाळल्या, आतल्या साहेबांना विचारून आला. "सर, रहिवासी असल्याचा आहे, हयात असल्याचा आहे. माणूस असल्याचा नमुना आपल्याकडे नाही. आजवर कुणी मागितलाच नाही."

"हयात असल्याचा द्या मग."

"देतो. पण साहेब म्हणतात, हयात तर झुरळही असतं. तेवढ्यावर भागेल का बघा." मग खाली वाकून हळूच म्हणाला, "सर, एवढं काय झालंय?"

मी थोडक्यात सांगितलं. तो गंभीर झाला. "मी साक्ष देऊ का? तुमची फूटपट्टी माझ्या बोटांवर दोनदा बसलीय. यंत्र असं मारत नाही."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. उलट बरं वाटलं. मी हयातीचा दाखला घेतला, त्यात तीन चुका होत्या, त्याही तशाच राहू दिल्या, आणि अर्जाला जोडला.

दुपारी उत्तर आलं. शनिवारी चार वाजता निःपक्ष खेळ विभागाच्या अधिकारी, ज्या स्वतः मनुष्य आहेत, प्रत्यक्ष सुनावणी घेतील. तक्रारदारही हजर राहील. मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचेच होते. मी ते कागदावर लिहूनही काढले, दोन शब्दांची अडीच पानं झाली.

पाच वाजता व्याहीबुवांना पुन्हा कळवलं, "बोट दुखावल्याने आजही खेळता येणार नाही."

"काळजी घ्यावी," असं आलं. त्यात 'लोभ असावा' नव्हतं.

सहा वाजता मुलीचा फोन. या वेळी ती रडत नव्हती, ते जास्त वाईट होतं. "बाबा, तुमचं आप्पांशी काही बिनसलं का? कालपासून पुन्हा खिडकीशी जाऊन बसलेत. मोबाईल कपाटात ठेवून दिलाय. विचारलं तर ठीक म्हणतात."

"उद्यापर्यंत थांब, बाळा," मी म्हणालो. "सगळं सरळ करतो." फोन ठेवल्यावर बायकोनं चहा आणून ठेवला आणि त्या दिवशी मला एकदाही टोमणा मारला नाही. परिस्थिती किती गंभीर आहे हे त्यावरून मला कळलं.

शनिवारी चार वाजता मी इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून, अडीच पानं हातात घेऊन बसलो. मोबाईलमधून फक्त आवाज ऐकू येणार होता, चेहरा दिसणार नव्हता, पण सुनावणी ती सुनावणी. पडद्यावर मालधक्का उघडला. माझा निळ्या टोपीवाला गोदामाच्या दारात उभा राहिला. आणि शेजारी एक लाल टोपीवाला येऊन उभा राहिला.

"व्याहीबुवा!" मी ओरडलोच. "आपण इथं? साक्षीला आलात?"

पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला. "साक्षीला नव्हे."

तेवढ्यात अधिकारी बाईंचा आवाज आला. "नमस्कार काका. दोघंही आलात, छान. आधी तक्रार वाचते, मग पाच मिनिटं दोघांनी नेहमीसारखं खेळायचं, मी बघणार." आणि त्या वाचू लागल्या.

"एक. माझे जोडीदार गेले दोन महिने फळीच्या तोंडाशी थांबून मला आधी जाण्याचा आग्रह करीत असत. दोन. मंगळवारपासून ते थांबत नाहीत. तीन. मी लिहिलेल्या पत्रास उत्तर देत नाहीत. चार. सदर गृहस्थ इतके असभ्य असणे शक्य नाही. त्यावरून त्यांनी आपल्या जागी यंत्र बसवले असावे, असा माझा समज आहे. पाच." इथं बाई जरा थांबल्या. "पाच. त्यांना माझ्याबरोबर खेळण्याचा कंटाळा आला असल्यास माझी काही हरकत नाही. मात्र तसे स्पष्ट कळवावे. यंत्राशी मी खेळणार नाही. तेवढ्यासाठी घरात भिंती आहेत."

माझी अडीच पानं हातातून खाली पडली. मी ज्या माणसाची स्पर्धा वाचवायला त्याच्या बाजूनं धडाधड खोके नेत होतो, तो दोन दिवस दर वेळी फळीपाशी माझ्यासाठी थांबत होता.

"व्याहीबुवा," मी कसंबसं म्हणालो, "आपल्यालाच शिक्का पडू नये म्हणून मी थांबत नव्हतो हो."

"आणि वीज?"

"वीज होती."

"बोट?"

"बोटही ठणठणीत आहे."

"नोंद घेतली," वजनमापे निरीक्षक म्हणाले.

"काका, हे सगळं नंतर," बाई म्हणाल्या. "मला बोलण्यावर निकाल देता येत नाही. खेळण्यावर देता येतो. मी माझ्याकडून एक सांगून ठेवते. पुराव्याप्रमाणे तुमच्या बोटांचा ठेका शंभर टक्के यंत्राचा आहे. आज तो तसाच निघाला तर मी काही करू शकणार नाही. आणि शिक्के अजून लागू आहेत, दोघांनाही एकेकच उरलाय. करा सुरू."

घड्याळ चालू झालं. माझी बोटं टेबलावर टेकली आणि जित्याची खोड! एक, दोन, तीन, चार. खोका उचलला. एक, दोन, तीन, चार. मुद्दाम अडखळायला गेलो तर सातव्यालाच अडखळलो. घामानं बोट ओलं झालं तरी ठेका सुटेना. तिकडून लाल टोपीवाला त्याचा खोका घेऊन हळूहळू येत होता, दोन पावलं चालून थांबत, पुन्हा एक पाऊल टाकत. आम्ही दोघं एकाच वेळी फळीपाशी पोचलो.

तिथं मी थांबलो.

ठरवून थांबलो नाही. बोटंच उचलली गेली. शिक्का पडला तर स्पर्धा गेली, सगळं मला ठाऊक होतं. पण त्या लाल टोपीच्या बाजूनं पुन्हा एकदा निघून जायचं मला जमेना. "आधी तुम्ही," मी म्हणालो.

घड्याळ चाललं होतं. मग व्याहीबुवा म्हणाले, "छे छे. आपण."

"असं कसं? मान आपला."

"वयानं आपण मोठे आहात."

"चारच महिन्यांनी!"

"चार महिने म्हणजे चार महिने!"

चाळीस सेकंद झाले. टुंग असा आवाज होऊन माझ्या निळ्या टोपीवर 'निष्क्रिय' असा शिक्का उमटला. लगेच टुंग, लाल टोपीवरही उमटला. आम्ही बोलतच होतो. माझी बायको दारात येऊन उभी होती आणि तिनं पदर तोंडाला लावला होता, हसू दाबायला की आणखी कशाला ते मी विचारलं नाही. पाच मिनिटं संपली तेव्हा दोन्ही माणसं फळीच्या तोंडाशी डोक्यावर खोके घेऊन उभी होती. जहाजावर काहीही नव्हतं.

अधिकारी बाईंनी खेळ बंद केला. "काका," त्या म्हणाल्या, "दहा वर्षं मी हे काम करतेय. थांबायचं कारण नसताना थांबणारी यंत्रं मी पाहिलीत, बिघडलेली असतात. पण हरणार हे ठाऊक असताना दुसऱ्यासाठी थांबणारं एकही पाहिलं नाही. तुम्ही माणूस आहात. तसा निकाल देते. तक्रारदारांची काही हरकत?"

"हरकत नाही," व्याहीबुवा म्हणाले. "माझी खात्री पटली. इतका हट्टी दुसरा कोणी असूच शकत नाही."

"मात्र शिक्के नियमाप्रमाणे राहतील. दोघांचे तीन-तीन झाले. उद्याच्या स्पर्धेतून तुम्ही बाद आहात. मला वाईट वाटतं."

"वाईट कशाला?" व्याहीबुवांचा आवाज मी इतका खणखणीत मुलीच्या लग्नानंतर ऐकला नव्हता. "नियम म्हणजे नियम. मोजून चाळीस सेकंद झाले, मी घड्याळ लावलं होतं."

माझा जीव भांड्यात पडला. इतक्या जोरात पडला की मला त्याच खुर्चीत बसून हसू यायला लागलं. बायकोनं न मागता चहा टाकला. जिन्यात जाऊन मी सर्वज्ञांना निकाल वाचून दाखवला, डॉक्टरीणबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात. पत्राची एक प्रत छापून घेतली. 'सदर खेळाडू मनुष्य असून निष्क्रिय आहे' अशी त्यातली ओळ बायकोला फार आवडली. ती म्हणाली, एवढं अचूक वर्णन तिला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं. हे पत्र मात्र तिनं खरोखर फ्रेम केलं.

रविवारी स्पर्धा आमच्याशिवाय पार पडली. पाच वाजता आम्ही साधा सराव सामना लावला. तेच गोदाम, तीच फळी. मी थांबलो. ते थांबले. पट्टीवर अक्षरं उमटायला लागली, एकेक करून, सावकाश. मी वाट पाहत राहिलो. समोरचा कोणीतरी लिहून विचारत होता, काका झोपलात का.

"स.न.वि.वि.," व्याहीबुवांनी लिहिलं होतं. "काल रात्री सूनबाईस आपली हकिगत सांगितली. सांगता सांगता हसू आवरेना. आमची ही गेल्यापासून पहिल्यांदाच हसलो. हे तिला आवडलं असतं. आता आपण आधी जावे, मागून मी येतोच आहे. कळावे, लोभ असावा."

मी डोळे पुसले, खोका सावरला आणि पहिल्यांदाच त्यांच्या सांगण्यावरून आधी फळीवर पाय ठेवला. वळून पाहिलं तर ते येतच होते.